मॅन्डारिनोआइटची मायक्रोमाउंट पेटी: खडा बहुधा अस्सल, सोबतचा अहवाल कच्चा

खड्याला साडेचार तारे, तपासणी अहवालाला दोन, पॅकिंगला तीन. सगळं मिळून पाचपैकी साडेतीन, कारण शेवटी कपाटात खडाच राहतो.

परदेशी खनिजं पार्सलने पाठवणाऱ्या एका ऑनलाइन विक्रेत्याची ही पेटी आहे. मॅन्डारिनोआइट हे लोह, सेलेनियम आणि पाणी असलेलं दुर्मीळ खनिज; मायक्रोमाउंट म्हणजे मायक्रोस्कोपखाली पाहायला डबीत बसवलेला बारीक नमुना. विक्रेत्याचं नाव देत नाही, कारण खाली लिहिलेले दोष या व्यापारात जवळपास सगळीकडे आढळतात आणि खरेदी कुठूनही केली तरी तपासायची पद्धत तीच राहते. पेटीत मिळतं ते असं: पारदर्शक झाकणाची, साधारण २५ मिलिमीटरची प्लॅस्टिकची डबी; काळ्या तळावर चिकटवलेला १२ मिलिमीटर लांबीचा तपकिरी गोथाइटचा (लोहाच्या गंजाच्या खनिजाचा) तुकडा; त्यातल्या एका पोकळीत फिकट हिरव्या स्फटिकांचा पुंजका; ‘मॅन्डारिनोआइट, बोलिव्हिया’ एवढंच लिहिलेलं लेबल; आणि एका पानाचा ईडीएस अहवाल (इलेक्ट्रॉनचा मारा करून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं मोजणारी तपासणी). सर्वांत मोठा स्फटिक ०.४ मिलिमीटरचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान.

नाशिकच्या संग्राहकांनी हा आकार आधी पचवायला हवा. पांडवलेणीच्या डोंगराजवळच्या दगडखाणींतून निघालेला तळहाताएवढा स्टिल्बाइट (एक झिओलाइट खनिज) हाताळलेल्या आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात झिओलाइटचे भलेमोठे गड्डे पाहिलेल्या माणसाला ही डबी उघडल्यावर फसल्यासारखं वाटेल. पण तसं नाही. मॅन्डारिनोआइटचे स्फटिक अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरच असतात. कोणी दोन सेंटिमीटरचा ‘स्फटिक’ दाखवत असेल तर संशय तिथे घ्यावा, इथे नाही. १० पट भिंगातून फक्त रंग कळतो. आकार पाहायला किमान ४० पट स्टिरिओ मायक्रोस्कोप लागतो.

मॅन्डारिनोआइट हा लोहाचा सेलेनाइट, म्हणून आता नावाचा घोळ. शहरातल्या रत्नांच्या आणि ‘हीलिंग स्टोन’च्या दुकानांत पांढऱ्या रेशमी कांड्या, दिवे, गोळे ‘सेलेनाइट’ म्हणून मिळतात. तो जिप्सम. त्यात कॅल्शियम, सल्फेट आणि पाणी असतं, सेलेनियम नावालाही नसतं. रसायनशास्त्रातला सेलेनाइट वेगळा: एका सेलेनियमभोवती तीन ऑक्सिजन असलेला गट. दोन्ही नावं चंद्राच्या ग्रीक नावावरून आली. जिप्समला ते नाव चांदण्यासारख्या चमकेमुळे जुन्या काळापासून होतं. सेलेनियम मूलद्रव्य १८१७ मध्ये बर्झेलियसने शोधलं. त्याआधी सापडलेल्या टेल्युरियमला पृथ्वीचं नाव मिळालेलं असल्याने याला चंद्राचं दिलं. त्यामुळे विक्रेत्याला ‘लोहाचा सेलेनाइट’ म्हटलं की गंज चढलेला लालसर जिप्सम पुढे येण्याची शक्यता बरीच असते. मागणी करताना खनिजाचं नाव आणि रासायनिक सूत्र, दोन्ही लिहून द्यावं.

मॅन्डारिनोआइटचा संत्र्याशीही संबंध नाही, रंगाने नाही आणि नावानेही नाही. टोरंटोच्या रॉयल ओंटारिओ म्युझियममधले खनिजतज्ज्ञ जोसेफ मॅन्डारिनो यांच्यावरून हे नाव १९७८ मध्ये दिलं गेलं. पहिला नमुना बोलिव्हियातल्या पोतोसी प्रांतातल्या पाकाहाके खाणीतला. पुढे बोलिव्हियातल्याच एल ड्रॅगोन खाणीत, चिलीतल्या ताम्बो खाणीत आणि सायप्रसच्या स्कौरिओतिसात ते मिळालं. खडकाच्या शिरेतले धातूंचे सेलेनाइड (धातू आणि सेलेनियम यांची संयुगं) हवा-पाण्याने कुजतात आणि शेजारीच लोहाची खनिजं ऑक्सिडाइज होत असतात, अशा ठिकाणी ते तयार होतं. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट वाढण्याची रीत याहून पूर्ण निराळी, म्हणून खडी फोडताना हे हाती लागेल अशी आशा धरू नये.

सूत्रात दोन फेरिक (तीन धन भाराचे) लोह अणू, तीन सेलेनाइट गट आणि पाण्याचे सहा रेणू. वजनाच्या हिशेबात बसवलं तर लोह ऑक्साइड २६.६ टक्के, सेलेनियम डायऑक्साइड ५५.४ टक्के, पाणी १८ टक्के. मूलद्रव्यांनुसार लोह १८.६, सेलेनियम ३९.४, ऑक्सिजन ४०, हायड्रोजन २. हे आकडे डबीच्या तळाशी कागदावर लिहून चिकटवावेत. पुढच्या प्रत्येक तपासणीत ते लागतात.

डोळ्यांनी काय दिसतं? रंग थॉमसन द्राक्षाचा, तोही नीट न पिकलेल्या घडाचा: फिकट हिरवा, किंचित पिवळसर. चकाकी काचेसारखी, कडेला जरा तेलकट. कठीणपणा सुमारे २.५, म्हणजे नखाला टिकेल पण तांब्याच्या तारेने ओरखडा उठेल. घनता सुमारे २.९३. पण एवढ्याशा दाण्यावर कठीणपणा कोण तपासणार, आणि घनता मोजायला वजनच भरत नाही. रंगावर तर अजिबात विसंबू नये. स्कोरोडाइट हा लोहाचा आर्सेनेट फिकट हिरवा असतो आणि तोही असल्याच गंजलेल्या दगडात सापडतो. एमन्साइट हा लोहाचा टेल्युराइट पिवळट हिरवा असतो. शिवाय दोन जवळचे नातलग आहेत. एल ड्रॅगोनमधूनच आलेला आल्फ्रेडोपेट्रोवाइट: लोहाच्या जागी ॲल्युमिनियम, बाकी सूत्र तेच. आणि चिलीतून आलेला टेल्युरोमॅन्डारिनोआइट, ज्यात सेलेनियमच्या जागी टेल्युरियम. या गर्दीत ‘हिरवं आहे, बोलिव्हियाचं आहे, म्हणजे तेच’ एवढ्यावर पैसे देणं म्हणजे सातबारा न बघता जमीन घेणं.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. दुर्मीळ खनिज घेताना ग्राहक किंमत मोजतो ती ओळखीची. अर्ध्या मिलिमीटरच्या हिरव्या कणाला स्वतःची अशी किंमत नसते. त्यामुळे सोबतचा कागद खड्याइतकाच पक्का हवा, आणि या पेटीत नेमकं तिथेच कमी पडलं आहे.

अहवालात आकडे असे आहेत: लोह १८, सेलेनियम ३९.५, ॲल्युमिनियम ४, ऑक्सिजन ३८.५. बेरीज बरोबर १००. वर लिहिलंय १५ किलोव्होल्ट. खाली कोणाची सही नाही, कुठल्या कणावर मोजलं त्याचा फोटो नाही.

बेरीज १०० आली यात समाधान मानण्यासारखं काही नाही. ईडीएसला हायड्रोजन दिसतच नाही. शिवाय पाणी धरून ठेवलेलं खनिज निर्वात कक्षात आणि इलेक्ट्रॉनच्या माऱ्याखाली पाणी सोडतं. अशा खनिजाची बेरीज काटेकोर १०० येते ती सॉफ्टवेअरने सगळे आकडे ओढूनताणून १०० वर बसवले म्हणून. त्यामुळे टक्क्यांकडे न पाहता गुणोत्तराकडे पाहावं. प्रत्येक आकड्याला त्या मूलद्रव्याच्या अणुभाराने भागायचं. लोह १८ भागिले ५५.८५ म्हणजे ०.३२२. सेलेनियम ३९.५ भागिले ७८.९७ म्हणजे ०.५००. लोहाचं सेलेनियमशी गुणोत्तर ०.६४. मॅन्डारिनोआइटला दोनास तीन, म्हणजे ०.६७ हवं. पॉलिश न केलेल्या उंचसखल कणावर एवढा फरक चालतो. इथवर ठीक.

मग ॲल्युमिनियमचं काय? ४ भागिले २६.९८ म्हणजे ०.१४८. हे खरं मानलं तर लोहाच्या जागांपैकी जवळजवळ एक तृतीयांश ॲल्युमिनियमने घेतल्या, आणि लेबलवर तशी नोंद हवी. पण लोह आणि ॲल्युमिनियम मिळून ०.४७ होतात आणि सेलेनियमशी गुणोत्तर ०.९४ वर जातं. हे कुठल्याच सूत्रात बसत नाही. मातीचा कण मध्ये आला म्हणावं, तर केओलिनमध्ये (पांढऱ्या चिनी मातीत) ॲल्युमिनियमइतकेच सिलिकॉनचे अणू असतात, आणि अहवालात सिलिकॉन शून्य. म्हणजे हे ॲल्युमिनियम आभासी आहे. कारण अगदी साधं आहे. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडतं. त्यांना रेषा म्हणतात, आणि त्यांची ऊर्जा केईव्हीत (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये) मोजतात. सेलेनियमची एल-अल्फा रेषा १.३८ केईव्हीवर येते, ॲल्युमिनियमची के-अल्फा १.४९ वर. ईडीएस डिटेक्टरला एवढं अंतर नीट वेगळं करता येत नाही. सेलेनियमच्या उंच शिखराच्या उजव्या उतारावर सॉफ्टवेअरला एक फुगवटा दिसला आणि त्याने त्याला ॲल्युमिनियम नाव देऊन टाकलं. बटण दाबून आलेली यादी माणसाने तपासली नाही की असं होतं.

१५ किलोव्होल्टची निवडही चुकीची आहे. सेलेनियमची ठळक के-अल्फा रेषा ११.२ केईव्हीवर असते, पण ती उठवायला १२.७ केईव्हीच्या वरची ऊर्जा लागते. १५ वर ती जेमतेम उठते, म्हणून सॉफ्टवेअर एल रेषेचा आधार घेतं आणि वरचा सगळा गोंधळ होतो. २० ते २५ किलोव्होल्ट मागावेत. लोहाची ६.४ ची रेषा आणि सेलेनियमची ११.२ ची रेषा, दोन्ही के मालिकेतल्या, समोरासमोर ठेवून गुणोत्तर काढलं की ते भरवशाचं असतं. त्याच आलेखात १०.५ केईव्हीवर आर्सेनिकचं शिखर आहे का ते बघावं. असेल तर स्कोरोडाइटचा संशय. मात्र शिशाची एल-अल्फाही तिथेच पडते आणि बोलिव्हियाच्या या दगडांत शिशाची खनिजं असू शकतात, म्हणून शिशाची १४.८ ची रेषा पाहिल्याशिवाय आर्सेनिक जाहीर करू नये (शिशाची १२.६ ची जोडरेषा सेलेनियमच्याच १२.५ च्या रेषेत मिसळते). टेल्युरियमसाठी ३.८ च्या आसपास पाहावं.

कोटिंगची, म्हणजे ईडीएसआधी नमुन्यावर देतात त्या वीजवाहक पातळ थराची, गोष्ट लोक विसरतात. नमुन्यावर सोन्याचा थर दिला तर सोन्याची एक रेषा ११.४ वर येते, सेलेनियमच्या ११.२ ला खेटून. प्रयोगशाळेत सवयीने सोनंच वापरतात. फॉर्मवर ‘कार्बन कोटिंग’ ठळक अक्षरांत लिहावं, आणि नमुना देताना तोंडीही सांगावं.

अहवालावर विसंबायचं नसेल तर घरी दोन गोष्टी करता येतात. दोन्हींना लागणारा कण डबीच्या तळाशी सांडलेल्या चुऱ्यातून घ्यावा. पुंजक्यावर सुई चालवू नये. या पेटीत तसा चुरा पुरेसा होता.

पहिली गोष्ट लवंग तेलाची. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या शुद्ध लवंग तेलाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) १.५३ च्या जवळ असतो. काचपट्टीवर एक थेंब टाकून त्यात कण बुडवावा, वर कव्हर काच ठेवावी आणि खालून प्रकाश द्यावा. जिप्सम त्यात जवळपास नाहीसा होतो, कारण त्याचाही अपवर्तनांक १.५२-१.५३. अपोफिलाइटचं तेच. स्टिल्बाइट आणि ह्युलंडाइट पुसट दिसतात. मॅन्डारिनोआइटचा अपवर्तनांक १.७१५ पासून १.८७ पर्यंत, त्यामुळे कण काळ्या जाड कडेसह ठसठशीत उभा राहतो. दुकानातला ‘सेलेनाइट’ आणि हा सेलेनाइट यांतला फरक कळायला यापेक्षा स्वस्त उपाय नाही. स्कोरोडाइटही तेलात असाच उठून दिसतो, पण ज्यांच्याकडे ध्रुवक असलेला मायक्रोस्कोप आहे त्यांना तिथेही फरक कळेल: मॅन्डारिनोआइटचं द्विअपवर्तन (सर्वांत मोठ्या आणि लहान अपवर्तनांकातला फरक) ०.१५ च्या पुढे, स्कोरोडाइटचं ०.०३ च्या जवळपास. क्रॉस ध्रुवकांत सारख्याच जाडीचे कण ठेवले की दोघांचे रंग अगदी वेगळे येतात.

दुसरी व्हिटॅमिन सीची. काचपट्टीखाली पांढरा कागद ठेवावा. ०.३ मिलिमीटरचा एक कण काचेच्या कांडीने चिरडून त्यावर विरल हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाकावा. कण विरघळला की थेंब पिवळसर होतो. तो फेरिक लोहाचा रंग. मग ॲस्कॉर्बिक ॲसिडची चिमूट टाकावी. आधी पिवळा रंग उडतो, आणि काही मिनिटांत थेंब गढूळ होऊन नारिंगी, मग विटकरी लाल दिसू लागतो. ती लाली म्हणजे मोकळं झालेलं सेलेनियम. स्कोरोडाइटमध्ये पिवळा रंग जातो आणि पुढे काहीच होत नाही. टेल्युराइट असेल तर लाल न येता काळपट येतं. एवढ्या कणात सेलेनियम ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, आणि एका थेंबात दिसायला ते पुरतं. चघळायच्या केशरी गोळ्या घेऊ नयेत, त्यांचा रंगच सगळा निकाल बिघडवतो. रसायनांच्या दुकानात पांढरी पूड मिळते. या चाचणीतून सेलेनियम आहे एवढंच सिद्ध होतं, खनिजाचं नाव नाही.

सावधगिरीचे दोन शब्द. जस्ताचा चुरा आणि ॲसिड यांची जोडी इथे कधीही वापरू नये. हायड्रोजन सेलेनाइड हा फार विषारी वायू तयार होतो. आणि जुन्या पुस्तकांतली कोळशावर कण तापवून कुजलेल्या मुळ्याचा वास घ्यायची चाचणी आता विसरावी. तो वास म्हणजे सेलेनियमचा धूर फुप्फुसात घेणं आहे. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी, वापरलेला कागद आणि काचपट्टी बंद पिशवीत टाकावी. दगड ओळखताना जिभेला लावून बघायची काही जणांची सवय या नमुन्याला चालणार नाही.

नाव पक्कं करायचं असेल तर एक्सआरडीला (क्ष-किरणांनी स्फटिकातली अणूंची मांडणी ओळखणाऱ्या तपासणीला) पर्याय नाही. मॅन्डारिनोआइट मोनोक्लिनिक (एक कोन तिरका), एककाच्या, म्हणजे स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान ठोकळ्याच्या, बाजू १६.८१, ७.८८ आणि १०.०२ अँगस्ट्रॉम (मीटरचा हजार कोटीवा भाग), कोन ९८.३ अंश. पावडर आलेखात ७.१२ अँगस्ट्रॉमची रेषा ठळक येते, तांब्याच्या नळीच्या क्ष-किरणांत १२.४ अंशांवर. ३.५६ ची रेषा २५ अंशांवर. जिप्समची मुख्य रेषा ७.६ वर, म्हणजे ११.६ अंशांवर, त्यामुळे तिथे गल्लत व्हायची शक्यता कमी. खरा सापळा केओलिनाइटचा. त्या मातीची पहिली रेषा ७.१५ वर आणि दुसरी ३.५७ वर. दोन्ही मॅन्डारिनोआइटच्या दोन रेषांवर जवळजवळ तंतोतंत बसतात! पोकळीतली पांढुरकी माती खरवडून पावडरमध्ये आली आणि प्रयोगशाळेने दोन रेषा जुळवून शिक्का मारला, असं सहज होऊ शकतं. म्हणून १०.६ अंशांवरची, म्हणजे ८.३ अँगस्ट्रॉमची रेषा अवश्य मागावी. मॅन्डारिनोआइटच्या एककात ती बसते, केओलिनाइटमध्ये नाही. दोन-तीन रेषांवर समाधान न मानता सगळा आलेख एककाशी जुळवून घ्यावा.

तांब्याच्या किरणांची आणखी एक अडचण: ते लोहाला चमकवतात, पार्श्वभूमी फुगते आणि बारीक रेषा त्यात बुडतात. कोबाल्टची नळी असलेलं यंत्र मिळालं तर उत्तम, तिथे ७.१२ ची रेषा १४.४ अंशांवर येते. नसेल तर डिटेक्टरची ऊर्जा-गाळणी चालू करायला सांगावं.

नमुन्याच्या वजनावरून बऱ्याच ठिकाणी गाडी अडते. प्रयोगशाळेच्या फॉर्मवर अर्धा-एक ग्रॅम पावडर मागितलेली असते. या डबीतले सगळे हिरवे स्फटिक मिळूनही त्याच्या जवळपास जात नाहीत. अशा वेळी दोन मार्ग आहेत. शून्य-पार्श्वभूमीची (स्वतःच्या रेषा न दाखवणारी) सिलिकॉन पट्टी असेल तर तिच्यावर अल्कोहोलच्या थेंबात पसरलेली काही मिलिग्रॅम पूडही पुरते. त्याहून चांगला मार्ग एकस्फटिक यंत्राचा: ०.१ मिलिमीटरचा एकच स्वच्छ कण, आणि फक्त एककाचं माप काढून मागायचं, पूर्ण रचना नाही. काम लवकर होतं आणि कणही परत मिळतो. नाशिकहून असे नमुने पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांतल्या उपकरण केंद्रांकडे पाठवावे लागतात. तपासणीचा खर्च पेटीच्या किमतीच्या वर जाऊ शकतो, म्हणून क्रम पाळावा: आधी तेल, मग ईडीएस, आणि गुणोत्तर ०.६७ च्या आसपास आलं तरच एक्सआरडी.

रामनबद्दल, म्हणजे लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून खनिज ओळखण्याबद्दल, थोडक्यात. ८१४ प्रति सेंटिमीटरच्या आसपास सेलेनाइटचा जोरदार पट्टा दिसतो, आणि वर २,८०० ते ३,५०० मध्ये पाण्याचे रुंद पट्टे. जिप्सम १,००८ वर ओळखू येतो. पण आर्सेनेटचा पट्टाही ८०० च्या परिसरातच येतो, त्यामुळे नुसत्या रामनवर स्कोरोडाइट बाद करता येत नाही. लेझरची शक्ती अगदी कमी ठेवायला सांगावी, नाहीतर पाणी उडून कण काळा पडतो आणि आलेख भलत्याच पदार्थाचा येतो.

आता पॅकिंग. तुकडा सुपरग्लूने चिकटवलेला आहे. हा डिंक वाळताना त्याच्या वाफा शेजारच्या पृष्ठभागांवर पांढरी बुरशीसारखी पुटं चढवतात, आणि बंद डबीत त्या वाफांना जायला जागाच नसते. या नमुन्यात पुंजक्याच्या डाव्या बाजूच्या तीन-चार स्फटिकांवर तसं धुकं दिसतं. मायक्रोस्कोपखाली ते पाहताना जीव हळहळतो, कारण ते पुसता येत नाही. विक्रेत्यांनी मिनरल टॅक (नमुने बसवायचा मऊ चिकट लगदा) किंवा पांढरा पाण्याचा डिंक वापरावा आणि पूर्ण वाळल्यावरच झाकण लावावं. डबीभोवती फुगेवाला कागद होता, तो चांगला. मात्र डबीच्या आत कापूस कोंबून पाठवणाऱ्यांनी ते थांबवावं. कापसाचे तंतू स्फटिकांत अडकतात आणि काढताना स्फटिकच निघून येतात.

स्वच्छतेबाबत नाशिककरांना मुद्दाम सांगायला हवं. दगडावरचा गंज काढायला ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी वापरणं इथल्या व्यवसायात नेहमीचं आहे. ते काम करतं कारण ऑक्झॅलेट फेरिक लोहाला धरून विरघळवतं. मॅन्डारिनोआइटचं लोहही फेरिकच! गंज जायच्या आधी नमुना जाईल. हायड्रोक्लोरिकही नको, अल्ट्रासॉनिक टाकीही नको. रबरी फुग्याने हवा मारावी, अगदीच वाटलं तर एका केसाच्या कुंचल्याने धूळ हलवावी, बस. फोटो काढताना हॅलोजनचा गरम दिवा जवळ आणू नये, एलईडी वापरावा. दिव्यावरून आठवलं: पांडवलेणीचा पॉवेलाइट आखूड लहरींच्या यूव्हीत पिवळा चमकतो, तशी चमक इथे शोधू नये. फेरिक लोह असलेल्या खनिजांकडून ती अपेक्षाच नसते.

घ्यावी का? झिओलाइटच्या पलीकडे संग्रह न्यायचा असेल, मायक्रोस्कोप घरी असेल आणि तपासायची तयारी असेल तर जरूर घ्यावी. खडा अस्सल असावा असं अहवालातल्या गुणोत्तरावरून दिसतं, ताजा आहे, आणि गोथाइटच्या तपकिरी पार्श्वभूमीवर तो हिरवा रंग ४० पटीत फार देखणा दिसतो. नुसत्या कपाटात मांडायला हवी असेल तर त्याच पैशात आपल्याच भागातला उत्तम अपोफिलाइट मिळेल.

मागवण्याआधी विक्रेत्याला पाच गोष्टी विचाराव्यात. खाणीचं नाव काय, नुसता देश चालणार नाही. पाकाहाके, एल ड्रॅगोन आणि ताम्बो यांतला फरक नातलग खनिजं ओळखायला उपयोगी पडतो. ईडीएसचा मूळ आलेख देणार का, नुसता तक्ता नको. किती किलोव्होल्टवर आणि कुठलं कोटिंग. ज्या कणावर मोजलं तो याच तुकड्यावरचा की त्याच लॉटमधल्या दुसऱ्या तुकड्यावरचा. बहुतेक वेळा तो दुसऱ्याच तुकड्यावरचा असतो, आणि ते लेबलवर लिहिलेलं नसतं. पाचवं, कुठला डिंक वापरला.

डबी हातात आली की तिचं लेबल त्याच दिवशी बदलावं. नाव, खाण, प्रांत, देश. खाली ‘ईडीएस: लोह-सेलेनियम ०.६४, अहवालातलं ॲल्युमिनियम अमान्य’. त्याखाली ‘एक्सआरडी: बाकी’ आणि तारीख. ‘बाकी’ हा शब्द पेन्सिलने लिहावा, म्हणजे पुढे खोडता येतो.